नव्या मोठ्या गाडीच्या मागून 'घूंऽऽ' आवाज येतोय? डिफरेन्शियलचं दुखणं अंगावर काढू नका, वॉरंटीतच जॉबकार्डवर लिहून घ्या

पडेगाव (छत्रपती संभाजीनगर) : कोरी गाडी दारात आली, पूजा झाली, पेढे वाटले. चार-सहा महिने गेले, काटा आठ-दहा हजार किलोमीटरवर आला आणि एक दिवस सत्तरच्या वेगात मागून भुंग्यासारखा 'घूंऽऽ' आवाज यायला लागला. कुणी म्हणतं टायरचा आहे. कुणी म्हणतं, "नवी गाडी आहे, बसेल आपोआप." आणि बहुतेक जण गाण्याचा आवाज वाढवून मोकळे होतात.

नुकसान होतं ते इथेच. मोठ्या गाडीचं मागचं डिफरेन्शियल सहसा एका दिवसात जात नाही. जाण्याआधी ते बरेच दिवस सांगत असतं, आवाजाने, हादऱ्याने, तेलाच्या डागाने. वॉरंटीत असताना हे ऐकलं आणि कागदावर आणलं, तर खर्च कंपनीचा. वॉरंटी संपेपर्यंत ऐकलं नाही, तर तोच खर्च आपला. कांद्याच्या, कापसाच्या पैशातून किंवा बँकेच्या हप्त्यावर घेतलेल्या गाडीसाठी हा फरक लहान नाही. तीच गाडी वडाप म्हणून चालत असेल, तर ती जितके दिवस उभी राहील तितके दिवस घरची चूल अडते.

म्हणून डिफरेन्शियल म्हणजे काय, ते लवकर का बिघडतं, कसं ओळखायचं आणि शोरूममध्ये काय बोलायचं, हे सगळं एकेक करून समजून घेऊ.

डिफरेन्शियल करतं काय?

खळ्यावरची मळणी आठवा. मेढीभोवती बैलांची पात फिरायची. मेढीजवळचा बैल जागच्या जागी फिरल्यासारखा चालायचा आणि कडेच्या बैलाला तेवढ्याच वेळात मोठी फेरी मारावी लागायची. दोघांनी सारखीच पावलं टाकायची म्हटलं असतं तर पात मोडली असती.

गाडी वळते तेव्हा मागच्या दोन चाकांचं असंच होतं. आतलं चाक कमी अंतर जातं, बाहेरचं जास्त. दोन्ही चाकांत दीड मीटर अंतर असेल आणि गाडीने एक पूर्ण गोल मारला, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त चालतं. बैलगाडीत ही अडचण येत नाही, कारण तिची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात आणि ओढायचं काम बैल करतात. मोटारीत मात्र इंजिनाची ताकद चाकांनाच द्यायची असते आणि तरी त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू द्यायचं असतं. ही दोन्ही कामं करणारी पेटी म्हणजे डिफरेन्शियल. गाडीच्या मागे वाकून पाहिलं तर दोन चाकांच्या मध्ये भोपळ्यासारखा जो लोखंडी गोळा दिसतो, तेच ते. गॅरेजवाले त्या सगळ्या भागाला 'हौसिंग' म्हणतात.

त्याच्या आत तीन गोष्टी महत्त्वाच्या :

• क्राऊन आणि पिनियन : गिअरबॉक्सकडून लांब शाफ्ट येतो. त्याच्या टोकाला लहान दातेरी पिनियन असतो आणि तो मोठ्या क्राऊनला फिरवतो. मोठ्या गाड्यांत पिनियन साधारण चार फेऱ्या मारतो तेव्हा चाक एक फेरी मारतं. शंभरच्या वेगात चाक मिनिटाला ७०० च्या आसपास फेऱ्या मारतं, म्हणजे पिनियन २,८०० च्या आसपास.

• मधले लहान गिअर (स्टार पिनियन) : सरळ रस्त्यावर हे जवळजवळ शांत असतात. गाडी वळली किंवा एक चाक घसरलं की यांचं काम सुरू होतं.

• बेअरिंग, ऑईल सील आणि तेल : क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर फिरता फिरता घासतातही. दोघांमध्ये तेलाचा पातळ थर असतो म्हणून ते टिकतात. इंजिन ऑईल इथे चालत नाही. बहुतेक गाड्यांना जीएल-५ दर्जाचं जाड गिअर ऑईल लागतं. नेमका नंबर गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

तुमच्या गाडीला हे मागे आहे का?

हे आधी तपासा, कारण मोठी गाडी म्हणजे मागची चाकं फिरवणारीच, असं आता राहिलेलं नाही.

बोलेरो, बोलेरो निओ, स्कॉर्पिओ क्लासिक, स्कॉर्पिओ-एन, थार, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, फोर्सची ट्रॅक्स क्रूझर या गाड्यांत ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून मागे डिफरेन्शियल असतं. फोर बाय फोर गाडीत पुढेही एक असतं.

२०२१ मध्ये आलेली डिझेलची नवी सफारी, हॅरिअर, इनोव्हा हायक्रॉस या आकाराने मोठ्या असल्या तरी पुढची चाकं ओढणाऱ्या आहेत. एक्सयूव्ही ७०० ही पुढच्या चाकांवरच चालते. तिच्या फक्त ऑल व्हील ड्राइव्ह मॉडेलमध्ये मागच्या चाकांनाही ताकद जाते. अशा पुढच्या चाकांच्या गाडीत मागून घरघर आली, तर आधी टायर आणि चाकाचं बेअरिंग बघायचं.

नव्या गाडीत इतक्या लवकर का?

हजारो किलोमीटर पळालेल्या गाडीत झीज होणारच. पण पहिल्या वर्षातच आवाज आला, तर कारण सहसा दोनपैकी एका ठिकाणी सापडतं. एक तर कारखान्यात, नाहीतर आपल्या वापरात.

कारखान्यातली कारणं. क्राऊन आणि पिनियनच्या दातांमध्ये अगदी थोडी मोकळीक ठेवलेली असते. मेकॅनिक तिला 'प्ले' म्हणतात. ही मोकळीक दोन-तीन केसांच्या जाडीएवढी असते. ती पातळ चकत्या (शिम) घालून बसवतात. चकती थोडी जाड-पातळ झाली, पिनियनचं बेअरिंग कमी-जास्त आवळलं गेलं, दातांचा संपर्क मधोमध न येता कडेला आला, तर गाडी चालते, पण दात चुकीच्या जागी घासत राहतात. तेल कमी भरलं गेलं किंवा सील बसवताना त्याची कड दुमडली, तरी हेच होतं. असे दोष पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये बोलू लागतात. चालकाचा त्यात काही हात नसतो.

वापरातली कारणं. यात आपल्या भागातल्या चार सवयी येतात.

१. काळ्या मातीत एक चाक फिरवत बसणं. पावसाळ्यात शेतरस्त्यावर गाडी फसते. एक चाक चिखलात गरगर फिरतं, दुसरं हलत नाही. साध्या डिफरेन्शियलचा नियमच असा की, एक चाक थांबलं की दुसरं दुप्पट वेगाने फिरतं. हा सगळा फरक त्या मधल्या लहान गिअरवर येतो. वळणापुरतं, थोडंसं फिरायला बनवलेले हे गिअर आता प्रचंड वेगाने फिरतात, तापतात, त्यांच्या मधली पिन आणि वॉशर जळतात. त्यातच ते फिरणारं चाक अचानक दगडावर लागलं, तर बसणारा झटका दातच उडवू शकतो. चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा. चाकापुढची माती काढा, पोतं, फांद्या किंवा खडी घाला, नाहीतर ट्रॅक्टर बोलवा. पाच मिनिटं रेस करून काही साधत नाही.

२. गरम गाडी पाण्यात घालणं. लांबून आलेल्या गाडीचं हौसिंग तापलेलं असतं. ती तशीच नाल्याच्या पाण्यात घातली की हौसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. त्या हवेसाठी हौसिंगवर 'ब्रीदर' नावाचं लहान तोंड असतं. ते पाण्याखाली असेल किंवा चिखलाने बुजलं असेल, तर ब्रीदरमधून किंवा सीलच्या कडेने पाणी आत जातं. पाणी मिसळलेलं तेल दुधाळ चहासारखं दिसतं आणि ते बेअरिंगला गंज लावतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा कितीतरी रस्त्यांवरून पाणी वाहिलं. अशा वेळी जी गाडी चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यात उभी राहिली, तिचं डिफरेन्शियलचं तेल तपासायलाच हवं, गाडी नवी असली तरी. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, हे तर वेगळं सांगायला नको.

३. क्षमतेपेक्षा जास्त ओझं. सात-आठ सीटच्या गाडीत पंधरा माणसं, टपावर पोती, मागे ट्रॉली. पुढच्या चाकांना हे जाणवत नाही, सगळा भार मागच्या धुऱ्यावर. घाटात खालच्या गिअरमध्ये पिनियनवर येणारा जोर सरळ रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. नव्या गाडीत दात एकमेकांना अजून बसलेले नसतात, त्यामुळे सुरुवातीचे हजार किलोमीटर तर जपायलाच हवेत. बहुतेक पुस्तिकांत या काळात ओढकाम करू नये आणि फार वेळ एकाच वेगाने पळवू नये, असं लिहिलेलं असतं. कोरी गाडी घेऊन माळीवाड्याहून समृद्धीवर चढायचं आणि १२० वर काटा ठेवून थेट नागपूर गाठायचं, हे तिच्यासाठी बरं नव्हे.

४. मागे दोन मापांचे टायर. एक टायर फुटला, एकच नवा घातला. नव्या आणि झिजलेल्या टायरचा घेर वेगळा असतो, म्हणून सरळ रस्त्यावरही एक चाक जास्त फेऱ्या मारतं. मधले लहान गिअर विश्रांती न घेता फिरत राहतात. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावेत. त्यांची हवाही सारखी ठेवा. दिसायला छान म्हणून मोठ्या मापाचे टायर घालण्याआधी वॉरंटीचं पान वाचा, कारण पुढे नेमकं तेच कारण पुढे करून दावा नाकारला जाऊ शकतो.

कोणता आवाज काय सांगतो?

छावणी ओलांडून पडेगाव, मिटमिटा, शरणापूर करत दौलताबादला जाणारा आणि पुढे घाट चढून खुलताबाद, वेरूळ, कन्नडकडे जाणारा रस्ता ही तपासणीसाठी चांगली वाट आहे. सरळ पट्टा आहे, चढ आहे, उतार आहे. काचा वर, गाणी बंद, सोबत एक माणूस मागच्या सीटवर कान देऊन. गर्दी नसलेली वेळ निवडा.

• ॲक्सिलरेटर दाबल्यावर 'घूंऽऽ', सोडल्यावर बंद : क्राऊन-पिनियनच्या ओढणाऱ्या बाजूचे दात नीट बसलेले नाहीत. चढावर हा आवाज वाढतो.

• ॲक्सिलरेटर सोडल्यावर, गिअरमध्येच उतरताना आवाज : दातांच्या मागच्या बाजूची झीज किंवा पिनियनचं बेअरिंग ढिलं. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना हे चांगलं कळतं. घाटात गाडी न्यूट्रल करू नका, हा आवाज गिअरमध्ये असतानाच ऐकायचा असतो.

• पाय कसाही असो, वेग वाढेल तशी वाढणारी घरघर : बेअरिंग. गाडी हळूच डावी-उजवीकडे झुकवली की घरघर बदलत असेल, तर चाकाचं बेअरिंग. बदलत नसेल, तर डिफरेन्शियलच्या आतलं.

• रस्ता बदलला की बदलणारा आवाज : सिमेंटवर एक, डांबरावर दुसरा, तर तो टायरचा. डिफरेन्शियलला रस्ता कसला आहे याचं देणंघेणं नसतं. हा फरक स्वतः करून पाहा, म्हणजे "साहेब, टायरचा आवाज आहे" असं कुणी सांगितलं तर उत्तर देता येईल.

• रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना मागे 'टक्' : प्ले वाढलाय किंवा शाफ्टचा क्रॉस (जॉइंट) गेलाय. क्रॉस आधी तपासा, तो स्वस्त असतो.

• वळताना 'कट्-कट्' : मधले लहान गिअर किंवा त्यांची पिन.

• ठराविक वेगात सीटखाली थरथर : शाफ्टचा तोल गेलेला असू शकतो. यात डिफरेन्शियल निर्दोष असू शकतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलसारख्या काही गाड्यांत आपोआप लॉक होणारं डिफरेन्शियल असतं. एक चाक घसरल्यावर ते लॉक होताना 'खट्' आवाज करतं. तो बिघाड नाही, ते त्याचं काम आहे. पण कोरड्या, चांगल्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा 'खट्' होत असेल तर दाखवा.

आवाजाबरोबर डोळ्यांनीही पाहा. रात्री गाडी लावलेल्या जागी सकाळी जमिनीवर तेलाचा डाग आहे का? हौसिंगच्या पुढच्या तोंडाला, जिथे शाफ्ट जोडलेला असतो, तिथे ओली धूळ चिकटली आहे का? मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेल उतरलंय का? हे शेवटचं सगळ्यात धोक्याचं. धुऱ्याचं सील गळालं तर तेल थेट ब्रेकच्या ड्रममध्ये जातं आणि त्या चाकाचा ब्रेक लागेनासा होतो. अशी गाडी घाटात नेऊ नका.

आणि आवाज एकाएकी खूप वाढला, जळका वास आला, हौसिंगला हात लावणं सोडा, जवळ नेणंही जमेना इतकं ते तापलं, तर गाडी तिथेच उभी करा. आतलं बेअरिंग जाम झालं तर मागची चाकं पळत्या गाडीत अडकू शकतात. "संभाजीनगरपर्यंत जाईल की" म्हणत ओढू नका. कंपनीच्या रोडसाइड मदतीला फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

शोरूममध्ये : बोलणं कमी, कागद जास्त

खरी लढाई इथे असते. आवाज खरा आहे हे आपल्याला माहीत असतं, पण पुढे सहा महिन्यांनी ते सिद्ध करायला फक्त कागद उरतो.

१. आधी व्हिडिओ. मागच्या सीटवर बसलेल्याने मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करावा, त्यात वेगाचा काटा आणि किलोमीटर दिसू द्या. मूळ व्हिडिओ मोबाईलमध्येच जपा. व्हॉट्सॲपवर पाठवला की त्याचा दर्जा उतरतो.

२. जॉबकार्डवर तुमचे शब्द. 'जनरल चेकअप' किंवा 'नॉइज' एवढंच लिहू देऊ नका. असं लिहायला सांगा : "६० ते ८० वेगात ॲक्सिलरेटर दिल्यावर मागच्या डिफरेन्शियलमधून आवाज, किलोमीटर अमुक, तारीख तमुक." लिहिल्यावर वाचा, मग सही करा, प्रत घ्या.

३. मेकॅनिकला घेऊन फेरी. शोरूमच्या आवारात गाडी फिरवून आवाज येत नसतो. ज्या वेगात, ज्या चढावर येतो तिथेच न्या. "आवाज आढळला नाही" असं लिहिलं गेलं, तर त्याखाली "ग्राहकाला आवाज येतो" असं स्वतःच्या हाताने लिहा.

४. काय केलं, ते लेखी. तेल बदललं, सील बदललं, क्राऊन-पिनियन बदलला, जे असेल ते बिलावर किंवा जॉबकार्डवर आलं पाहिजे, रक्कम शून्य असली तरी. तोच बिघाड तिसऱ्यांदा आला हे दाखवायला आधीचे दोन कागद लागतात.

५. क्राऊन बदलला तर पिनियनही. हे दोन भाग कारखान्यात जोडीनेच घासून जुळवलेले असतात. एकच बदलला तर आवाज परत येतो. जोडी नवी, शक्यतो बेअरिंगही नवी आणि प्ले मोजून बसवलेला, असं विचारा.

६. बाहेर उघडू नका. आपल्या गावचा मिस्त्री कितीही हुशार असो, वॉरंटीत असताना हौसिंग त्याच्याकडून उघडू नका. सील तुटलं की कंपनीला "बाहेर काम झालंय" म्हणायला जागा मिळते. जाड तेल किंवा बाटलीतलं औषध टाकून आवाज दाबणं तर अजिबात नको. आवाज दबतो, झीज चालूच राहते.

वॉरंटी 'इतकी वर्षं किंवा इतके किलोमीटर, जे आधी होईल ते' अशी असते. वडाप किंवा भाड्याने चालणाऱ्या गाडीचे किलोमीटर वर्षभरातच भरतात. तारखेकडे बघून निवांत राहू नका, काट्याकडेही बघा. वॉरंटी संपत आली असेल आणि आवाज असेल, तर संपण्याच्या आत तक्रार नोंदवा. शोरूमच्या पलीकडे कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेलही करा, तारीख त्यातच पडते.

ऐकलंच नाही तर?

पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. इथे मराठीतही बोलता येतं. बरीच प्रकरणं कंपनीकडे विचारणा गेल्यावरच मिटतात.

दुसरी पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असो की बेंगळुरूत. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूचं प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. वकील हवाच असं नाही.

"गाडी भाड्याने चालवता, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही," असं काही वेळा सांगितलं जातं. कायदा तसं सरसकट म्हणत नाही. व्यापारासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही हे खरं, पण स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू बसते. एकच गाडी स्वतः चालवून घर चालवणारा माणूस आणि दहा गाड्यांचा मालक यांत कायदा फरक करतो.

अपेक्षाही नीट ठेवा. 'गाडी बदलून द्या' हा हट्ट प्रत्येक वेळी टिकत नाही. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, बिघाड क्लचपुरता असेल आणि वॉरंटीत भाग बदलून देण्याची अट असेल, तर पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. डिफरेन्शियलही गाडीचा एक भागच आहे. म्हणून भाग नवा मिळावा, गाडी उभी राहिल्याची भरपाई मिळावी, ही मागणी जास्त मजबूत. पण तोच बिघाड दुरुस्तीनंतरही परत परत येत असेल, तर दोष मुळातला आहे असं म्हणता येतं. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो आणि आयोग वस्तू तपासणीसाठी पाठवू शकतो. इथे पुन्हा त्या जॉबकार्डांचीच गरज पडते.

दोष एकट्याच्या गाडीत नसेल तर : रिकॉल

कधी कधी एकाच काळात बनलेल्या हजारो गाड्यांत एकच दोष असतो. तेव्हा कंपनी त्या परत बोलावून फुकट दुरुस्त करते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये महिंद्राने १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ या काळात बनलेल्या ६,६१८ स्कॉर्पिओ-एन आणि १२,५६६ एक्सयूव्ही ७०० तपासणीसाठी बोलावल्या होत्या. तो प्रश्न क्लचच्या भागातल्या रबरी तुकड्याचा होता, डिफरेन्शियलचा नव्हता. पण पद्धत हीच असते.

मागच्या धुऱ्याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. फोर्डची एक्सप्लोरर ही मोठी गाडी आपल्याकडे मिळत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये फोर्डने तिथे सुमारे अडीच लाख एक्सप्लोरर परत बोलावल्या. मागचा धुरा धरून ठेवणारा एक बोल्ट तुटू शकत होता. तो तुटला तर शाफ्ट सुटून उभी केलेली गाडी घरंगळण्याचा धोका होता. कंपनीने बोल्ट बदलला नाही, फक्त पार्किंग ब्रेक आपोआप लागेल असं सॉफ्टवेअर टाकलं. ग्राहकांच्या तक्रारी आल्या, २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या सरकारी वाहन-सुरक्षा यंत्रणेने चौकशी सुरू केली आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीला गाड्या पुन्हा बोलावून बोल्ट आणि बुश बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली. सरकारपर्यंत गेलेल्या तक्रारींतूनच हे घडलं.

आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेशी संबंधित दोष असेल तर मालक परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' पोर्टलवर रिकॉल विभागात तक्रार नोंदवू शकतो. एका मॉडेलच्या ठराविक संख्येने तक्रारी आल्या की तपासणी लागते आणि दोष सिद्ध झाल्यास कंपनीला गाड्या बोलावण्याचा आदेश व दंड होऊ शकतो. म्हणून चहाच्या टपरीवर "सगळ्यांच्याच गाडीला आहे" असं म्हणून सोडून देऊ नका. सगळ्यांच्या गाडीला असेल, तर सगळ्यांनी नोंदवायला हवं.

वॉरंटी संपली असेल, किंवा जुनी गाडी घेत असाल तर

तेल वेळेवर बदला. किती किलोमीटरला, ते पुस्तिकेत असतं. ओझं ओढणाऱ्या आणि पाण्या-चिखलात जाणाऱ्या गाडीला त्याआधी. तेल काढताना भांड्यात बघा. तळाच्या चुंबकावर बारीक काळा लेप असणं नेहमीचं आहे. चमकणारे कण, नखाएवढे तुकडे किंवा दुधाळ रंग दिसला, तर नुसतं तेल भरून गाडी सोडू नका. ब्रीदरचं तोंड साफ करून घ्या. बुजलेल्या ब्रीदरने आतला दाब वाढतो आणि नवं सीलसुद्धा गळतं, मग लोक सीलला नावं ठेवतात.

जुनी गाडी बघायला जाताना सौदा करण्याआधी चढावर चालवून पाहा, आणि हौसिंग नुकतंच पाण्याने चकाचक धुतलेलं असेल तर जरा जास्तच वाकून बघा.

थोडक्यात

• नवी गाडी असली तरी मागचा आवाज 'बसत' नाही, वाढतो.
• ॲक्सिलरेटर दिल्या-सोडल्याने बदलणारा आवाज डिफरेन्शियलचा, रस्त्याने बदलणारा टायरचा.
• चिखलात चाक फिरवत बसू नका. पाण्यातून आल्यावर तेल तपासा.
• मागचे टायर सारखे ठेवा, ओझं पुस्तिकेत लिहिल्याएवढंच.
• वॉरंटीत हौसिंग बाहेर उघडू नका.
• प्रत्येक तक्रार जॉबकार्डवर, किलोमीटर आणि तारखेसह.
• ऐकलं नाही तर १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग.

घरातल्या ज्याच्या नावावर गाडी आहे आणि जो ती चालवतो, ही दोन माणसं बऱ्याचदा वेगळी असतात. आवाज ऐकतो चालवणारा, सही करतो मालक. ही माहिती दोघांपर्यंत पोहोचू द्या.